मोटर मी घेऊन येतो

मोटर कशी निवडायची हे मला कुणी शिकवू नये, असं परवापरवापर्यंत माझं ठाम मत होतं. अंबरनाथच्या एका केमिकल कंपनीत मी खरेदी विभागात आहे. पंप, व्हॉल्व्ह, गिअरबॉक्स, सगळं माझ्या सहीने गेटच्या आत येतं. त्यामुळे माझ्या रिमोटवर चालणाऱ्या मॉन्स्टर ट्रकची मोटर जळली तेव्हा मी बायकोला, हिमानीला, ऐटीत म्हणालो, "शनिवारी उल्हासनगरला जातो आणि नवी आणतो. चुटकीसरशी काम."

हिमानी बादलीतलं पाणी तांब्याने घेऊन भांडी विसळत होती. "मोटर बिल्डिंगची पण जळलीय," ती म्हणाली. "आठवण असू दे."

आठवण होती. बदलापूरच्या सोनिवलीतल्या आमच्या सोसायटीचा पंप गुरुवारपासून बंद होता. खालच्या टाकीत पाणी तुडुंब आणि वरच्या टाकीत ठणठणाट. त्यात समोरच्या फ्लॅटमधल्या कुंदाकाकूंच्या जिज्ञासाचा शनिवारी संध्याकाळी घरातच साखरपुडा होता. पण सोसायटीचे चेअरमन हिंदुरावकाका खंबीर माणूस. त्यांनी जळकी मोटर रिवाइंडिंगला, म्हणजे आतल्या तारा नव्याने भरायला, उल्हासनगर कॅम्प चारला पाठवली होती, शनिवारी दुपारी मिळणार होती. ती नाहीच आली तर पाणी थेट वर चढवून देणारा टँकरही सांगून ठेवला होता. म्हणजे मी लक्ष घालण्यासारखं काही उरलं नव्हतं, आणि मी घातलंही नाही.

माझं लक्ष होतं शनिवारच्या शर्यतीकडे. आमच्या मागे एका नव्या बिल्डिंगसाठी सपाट केलेला प्लॉट आहे. तिथे मी आणि धम्मदीप आपापले ट्रक पळवतो. धम्मदीप माझा कॉलेजचा मित्र, अंबरनाथला बँकेत आहे, आणि गेले दोन महिने मला सलग हरवत होता. तरी सल्ला द्यायला तोच पुढे.

"ब्रशलेसच घे," तो फोनवर म्हणाला, "पण के.व्ही. कमी असलेली. तुझा ट्रक जड आहे, चाकं मोठी आहेत."

के.व्ही. म्हणजे एका व्होल्टमागे मोटर किती फेऱ्या घेते तो आकडा. आकडा मोठा तर मोटर पळते जास्त, आकडा लहान तर जोर जास्त. मला हे माहीत होतं. पण हरवणाऱ्या माणसाने दिलेला सल्ला घशाखाली उतरत नाही.

शनिवारी कॅम्प तीनच्या बाजारात, जीन्सच्या ढिगांमधून वाट काढत मी नानिकसेठच्या दुकानात पोचलो. सेठने काउंटरवर दोन मोटरी ठेवल्या. एक लांबट, कमी आकड्याची. दुसरी आखूड, चकचकीत, मोठ्या आकड्याची.

"साईं, गाडी भारी है, ये लंबी वाली ले जाओ," सेठ म्हणाला. "दुसरी गरम हो जाएगी."

मी दोन्ही हातांत दोन मोटरी घेऊन उभा राहिलो. मागे गिऱ्हाइकं खोळंबली. लांबट घेतली तर धम्मदीपचं ऐकल्यासारखं होणार. मी आखूड पुढे केली. सेठने खांदे उडवले आणि ती खोक्यात घातली.

तिथेच उभ्याउभ्या मी धम्मदीपला डिवचायला मेसेज टाकला: "जुनी जळून खाक झाली होती. नवी मोटर मी घेऊन येतो, तासाभरात पोचतो. बघत राहा." तो मेसेज गेला सोसायटीच्या ग्रुपवर. आणि सोसायटीचा ग्रुप मी वर्षभरापूर्वीच म्यूट केलेला असल्यामुळे पुढे तिथे काय झालं याचा मला पत्ता नव्हता.

शेअर रिक्षात बसतो न बसतो तोच हिंदुरावकाकांचा फोन.

"उन्मेषराव, मोटर घेतलीत म्हणे?"

मला बरं वाटलं. पार्किंगमध्ये ट्रक पळवला म्हणून याच काकांनी मला एकदा झापलं होतं. "घेतली काका. एकदम पॉवरफुल."

"चढवेल ना नीट?"

"चढवेल? उडवेल."

"वा. आणि वजनाला?"

"खिशात मावते."

काका खो खो हसले. "तुम्ही पण ना. उतरवायला माणसं तयार ठेवू का?"

"कशाला? मी एकटा आणतोय."

"तब्येत आहे हो तुमची," ते आदराने म्हणाले आणि फोन ठेवला.

बदलापूर स्टेशनच्या बाहेर रिक्षात बसलो तेव्हा कुंदाकाकूंचा फोन आला. त्यांचा आवाज भरून आला होता. "उन्मेष, देवासारखा धावून आलास रे. सकाळपासून पोटात गोळा आला होता माझ्या."

मी म्हणालो, "काकू, त्यात काय एवढं." फोन ठेवला आणि विचार करायला लागलो. काकूंच्या मुलीचा साखरपुडा, आणि माझ्या ट्रकसाठी काकूंच्या पोटात गोळा का यावा? मग मी ग्रुप उघडला.

माझ्या मेसेजखाली नमस्काराच्या हातांची रांग लागली होती. त्याखाली हिंदुरावकाका: "उन्मेषराव नवीन मोटर आणत आहेत. टँकर रद्द केला आहे. रिवाइंडिंगवाल्यालाही सांगितले, घाई नाही, सोमवारी दे." त्याखाली पुन्हा हात.

"भाऊ, रिक्षा मागे घ्या," मी म्हणालो.

"हे काय, आलं ना," रिक्षावाला म्हणाला आणि त्याने गेटसमोर ब्रेक मारला.

गेटपाशी निम्मी सोसायटी उभी होती. कुंदाकाकूंच्या हातात हळदीकुंकू आणि नारळ. हिंदुरावकाकांनी इलेक्ट्रिशियनलाही बोलावून घेतलं होतं. ते रिक्षाच्या मागे वाकून बघून आले.

"टेम्पो मागून येतोय का?"

मी खोकं उघडून मोटर तळहातावर धरली. इलेक्ट्रिशियन जवळ आला, त्याने ती बघितली आणि पुन्हा लांब जाऊन उभा राहिला.

"सॅम्पल आणलंय का?" काकांनी शेवटी विचारलं. माणूस मला सांभाळून घ्यायचा प्रयत्न करत होता.

"काका, ही माझ्या ट्रकची आहे. खेळण्यातल्या."

कुंदाकाकूंनी नारळ खाली ठेवला. त्या रागावल्या असत्या तर परवडलं असतं. त्या फक्त म्हणाल्या, "सहा वाजता मुलाकडचे येतायत. वीस माणसं. हात धुवायला पाणी मागितलं तर मी काय देऊ?" जिज्ञासा वरून गॅलरीतून बघत होती. तिच्या हातांवर ओली मेंदी होती.

हिंदुरावकाका टँकरवाल्याला फोन लावून बसले. त्याचा टँकर दुसरीकडे गेला होता. हिमानी गर्दीतून पुढे आली, तिने मोटर खोक्यात घालून खोकं माझ्या खिशात सरकवलं आणि हळूच म्हणाली, "आता उभा राहू नकोस."

मी धम्मदीपला फोन केला. तो शर्यतीसाठी निघालेलाच होता. "गाडी घेऊन थेट गेटवर ये," म्हणालो. "मोटर आणायला जायचंय."

"आणलीस ना?"

"दुसरी."

कॅम्प चारला पोचेपर्यंत मी त्याला सगळं सांगितलं. तो हसला नाही, त्यामुळे मला जास्तच भीती वाटली. रिवाइंडिंगवाला जेवून डुलकी काढत होता. आमची मोटर कोपऱ्यात उघडी पडलेली. तारा भरून झाल्या होत्या, पण वार्निश ओलं होतं.

"सोमवार बोला ना तुम्हारे साब ने," तो म्हणाला.

"शादी का मामला है," मी हात जोडले.

"किसकी, मोटर की?" असं म्हणून त्याने दोन मोठे दिवे लावले आणि मोटर त्यांच्या उजेडात सुकायला ठेवली. "हात मत लगाना. ओली राहिली तर परत जळेल."

आम्ही दोघे दोन स्टुलांवर बसलो. आजाऱ्याच्या उशाशी बसावं तसे. काकांचा दर पाच मिनिटांनी फोन येत होता आणि मी दर वेळी "निघालोच" म्हणत होतो. तेवढ्यात धम्मदीपला माझ्या खिशातलं खोकं दिसलं.

"मोठ्या आकड्याची घेतलीस ना?"

"घेतली."

त्याने मान हलवली आणि पुन्हा दिव्यांकडे बघायला लागला.

वार्निश सुकलं, झाकण बसवलेली मोटर गाडीच्या डिकीत चढली, आणि अंबरनाथच्या रस्त्याला आम्ही एका ट्रेलरमागे अडकलो. धम्मदीप आयुष्यात हॉर्न न वाजवणारा माणूस, पण त्या दिवशी त्याने हॉर्नवरचा हात उचलला नाही. सोनिवलीच्या वळणावर पुढे तीन सजलेल्या गाड्या दिसल्या. पहिल्या गाडीच्या काचेवर मोगऱ्याचा गजरा लटकत होता.

"मुलाकडचे," मी म्हणालो.

आम्ही आणि ते एकदमच गेटवर पोचलो. तिकडून शेरवानी, पैठण्या आणि पेढ्यांची परडी उतरली. इकडून मी आणि धम्मदीप, मध्ये काळीकुट्ट मोटर, दोघांचे शर्ट ग्रीसने माखलेले. नवऱ्या मुलाचे वडील आम्हाला वाट द्यायला बाजूला झाले.

"काय, पाण्याचा प्रॉब्लेम आहे का?" त्यांनी कुंदाकाकूंना विचारलं.

"छे, छे," काकू म्हणाल्या. "सर्व्हिसिंग. दर महिन्याला करून घेतो. हा आमचा पंपवाला."

मी तोंड उघडलं. काकूंनी माझ्याकडे पाहिलं. मी तोंड मिटलं.

पंपरूममध्ये इलेक्ट्रिशियनने वायरी जोडल्या. बोल्ट आवळायला आत पोटावर सरपटत जावं लागतं, तिथे मी गेलो. वरच्या मजल्यावरून सनईची रेकॉर्ड ऐकू येत होती. "कुणीतरी बाथरूम विचारतंय," असा काकांचा निरोप आला. इलेक्ट्रिशियनने बटण दाबलं. काही झालं नाही. त्याने फ्यूज काढून परत बसवला, पुन्हा दाबलं. मोटर गुरगुरली, थरथरली आणि लागली. पाइपला कान लावून धम्मदीप म्हणाला, "चढतंय." मी तिथेच जमिनीवर डोकं टेकवून पडून राहिलो.

थोड्या वेळाने हिमानी खाली आली. हातात दोन डिश, श्रीखंड-पुरी. "नळाला पाणी आलं. सगळं छान चाललंय," ती म्हणाली. "तू मात्र वर येऊ नकोस. पंपवाला पाहुण्यांत बसला तर काकू काय सांगणार?"

मी पंपरूमच्या पायरीवर पुरी खात होतो तेव्हा नवऱ्या मुलाचे वडील हात पुसत खाली आले. "प्रेशर फर्स्ट क्लास आहे हो," ते म्हणाले. "अंबरनाथला आमच्या बिल्डिंगमध्ये कायम रडगाणं. तुमचा नंबर द्या बरं."

धम्मदीप पुरीकडे बघत राहिला. मी नंबर दिला.

नवी मोटर मी बुधवारी ट्रकमध्ये बसवली. दुसऱ्याच फेरीला वास आला आणि ट्रक प्लॉटच्या मधोमध थांबला. नानिकसेठकडची लांबट मोटर आता शनिवारी आणायची, असं मी ठरवलं होतं. पण शुक्रवारी अंबरनाथहून नवऱ्या मुलाच्या वडिलांचा फोन आला. त्यांचा पंप बंद पडला होता.

"मी कसा जाणार?" मी हिमानीला म्हणालो.

"कसा म्हणजे? मुलीकडची माणसं आहोत आपण. जा."

गेलो. पंपाला काही झालं नव्हतं, कुणीतरी मेन स्विच बंद केला होता. मी उगीच अर्धा तास पाना फिरवला आणि मग स्विच लावला. नवऱ्या मुलाचे वडील इतके खूश झाले की त्यांनी स्वतः चहा आणून दिला. बाहेर, जिन्याच्या पायरीवर. लग्नाचं आमंत्रण आम्हाला दोन्हीकडून आलं आहे. मुलाकडच्या पत्रिकेवर माझ्या नावापुढे कंसात "पंप" लिहिलंय.