मुख्य भूमिका: उदास माणूस

"एवढं तोंड पाडून काहून बसले? भाजीत मीठ जास्त झालं का?" बायकोनं, विनताबाईंनी विचारलं आणि बापूसाहेबांना धन्य धन्य वाटलं. म्हणजे तालीम जमत होती!

रेल्वेतून निवृत्त झालेले बापूसाहेब जबलपूरच्या मराठी मंडळाच्या गणेशोत्सवात सव्वीस वर्षं नाटकात काम करत आले होते. काम म्हणजे काय, तर दरवान, हवालदार, नाहीतर "महाराज, पत्र आलंय" एवढं सांगून विंगेत पसार होणारा दूत. मुख्य भूमिका कधी वाट्याला आली नाही, याची सल होतीच. ती भूमिका शेजारच्या रुचिरानं घरी आणून दिली. मेडिकल कॉलेजात मनोविकारांचं शिक्षण घेणारी ही डॉक्टर पोरगी.

"काका, आमच्या पोरांची सराव परीक्षा आहे. त्यात खोटा पेशंट पायजे. उदासीचा आजार दाखवायचा. झोप नाही, भूक नाही, कशातच मन नाही. पोरं प्रश्न विचारून ओळखतील."

"ओळखतील? ढसाढसा रडतील!"

"काका, परीक्षा त्यांची आहे, तुमची नाही," रुचिरा म्हणाली. पण बापूसाहेब आता कोणाचं ऐकतात!

परीक्षेच्या दिवशी त्यांनी दाढी केली नाही आणि चष्माही घरीच ठेवला. उदास माणसाला जग स्पष्ट दिसून करायचं काय? परिणाम व्हायचा तो झाला. तीन नंबरच्या खोलीऐवजी ते चार नंबरच्या खोलीत जाऊन बसले. ती खोली मेंदू आणि नसांच्या तपासणीची होती.

पहिला आला स्वप्निल. त्यानं नाव विचारलं आणि खिशातून रबराची हातोडी काढली.

"अंकल जी, पैर ढीला छोड़िए."

गुडघ्यावर टक् झालं आणि पाय टुणकन उडाला. बापूसाहेब गोंधळले. उदास माणसाचा पाय असा उडतो का? चूक सुधारावी म्हणून पुढच्या पोराच्या वेळी त्यांनी पाय आवळून धरला. तो हललाच नाही. तिसऱ्याच्या वेळी मध्यम मार्ग म्हणून त्यांनी पाय हळूच, खिन्नपणे उचलला.

चौथ्यानं कंप पावणारा लोखंडी चिमटा घोट्यावर टेकवला. "कुछ महसूस हो रहा है?"

हे वाक्य जणू आपल्यासाठीच लिहिलंय, असं बापूसाहेबांना वाटलं. छताकडे बघत ते म्हणाले, "बेटा, अब कुछ महसूस नहीं होता!"

पोरानं भराभर लिहून घेतलं, पायाची संवेदना गेलेली. मग सरळ रेषेत चालायला सांगितलं, तर कपाळावर हात ठेवून बापूसाहेब असे झोकांड्या खात चालले की त्यानं लहान मेंदूचाही आजार नोंदवला. बाहेर चार पोरं चार आजारांवरून भांडू लागली.

भांडण ऐकून रुचिरा आणि परीक्षा घेणाऱ्या मेघना मॅडम धावत आल्या.

"काका, तुम्ही इथं काय करून राहिले? तुमची खोली शेजारची!"

तिथं पनागरचे शालिग्रामजी, चार नंबरसाठी बोलावलेले अर्धांगाचे खरेखुरे पेशंट, तासभर सुनेची गाऱ्हाणी सांगत होते. मन कसं आहे, हे आजवर त्यांना कोणी विचारलंच नव्हतं. ते भलतेच खुशीत होते.

मॅडम हसत पोरांचे कागद चाळू लागल्या. शेवटचा कागद प्रणोतीचा. तिची पाळी आलीच नव्हती, तिनं बापूसाहेबांना फक्त दारातून पाहिलं होतं. मॅडमनी मोठ्यानं वाचलं, "पेशंट ठणठणीत आहे. ॲक्टिंग फार करतो."

सगळे खो खो हसले. बापूसाहेबही हसल्यासारखं करायला गेले, पण जमलं नाही. सव्वीस वर्षं मंडळानं आपल्याला दरवान का केलं, हे त्यांना एका ओळीत कळलं. फार वाईट वाटलं.

रुचिरानं त्यांना तीन नंबरच्या खोलीत नेऊन बसवलं. पोरं पुन्हा वह्या उघडून बसली.

"अंकल, नींद?" स्वप्निलनं विचारलं.

"ठीक."

"भूख?"

"पता नहीं."

समोर चहा निवत होता. घरी जाऊन विनताला काय सांगायचं, एवढाच विचार त्यांच्या डोक्यात होता.

मेघना मॅडम एकदम पुढे आल्या. "बच्चों, ध्यान से देखिए," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "झुके कंधे, खाली नज़र, दो-दो शब्द के जवाब. पंद्रह साल से पढ़ा रही हूँ, इतना सच्चा काम किसी ने नहीं किया."

बापूसाहेबांच्या काळजात ढोलताशे वाजू लागले. सच्चा काम! उभ्या जन्मातली पहिली दाद, आणि हसायची सोय नाही! त्यांनी दात घट्ट आवळले, श्वास रोखला, नजर फरशीत रोवली. तरी हसू आवरता आवरेना. डोळ्यांत पाणी आलं.

"देखिए, देखिए," मॅडम कुजबुजल्या, "होंठ काँप रहे हैं. रुलाई रोक रहे हैं."

पोरांनी ते लिहून घेतलं. प्रणोतीनं तर दोनदा अधोरेखित केलं.