गेरूची तारीख

नोकरी संपून बारा वर्षं झाली, तरी नामदेवकाका दर पंधरा दिवसांनी आमच्या दारात उभे राहतात. हिवताप खात्यातली सवय. "कोणाले ताप हाय काय?" नाही म्हटलं की दुसरा प्रश्न, "अन् फवारा कोणी मारला?" मग दाराजवळ गेरूनं तारीख लिहून पुढच्या घरी. पोळ्याला मी भिंत पांढरी करावी अन् यांनी लाल करावी! मी तोंडभर बोलायची, ते गेरूचा डबा उचलून चालू लागायचे.

वर पुन्हा तत्त्वज्ञान. "आज्याच्या वक्ती पटकी, बापाच्या वक्ती देवी, माह्या वक्ती हिवताप. आता रोग दुकानातून येते, सूनबाई." सकाळी सकाळी अभद्र बोलू नका, म्हणून मी त्यांना हाकलायची.

त्या वर्षी कपाशीची पऱ्हाटी डोक्याच्या वर गेली. बोंडअळीसाठी फवारा मारून आमचे हे दुपारीच घरी आले. थरथरत होते, घामानं ओलेचिंब, वर उलट्या. मी यांच्या अंगावर घोंगडी टाकली अन् हिवतापाची गोळी मागायला काकांकडे पळाले.

काका आले. ज्यांना शिंकेतही हिवताप दिसायचा, त्यांनी गोळ्यांचा डबा उघडलाच नाही. यांची पापणी वर करून पाहिली, सदऱ्याचा वास घेतला.

"हा हिवताप नोहे, फवाऱ्याचं जहर हाय. कपडे काढ याचे. साबन आन."

आम्ही यांना साबणानं धुतलं. काकांनी रस्त्याच्या मधोमध उभं राहून ऑटो अडवला. पांढरकवड्याच्या दवाखान्यापर्यंत यांच्या तोंडातून फेस येत होता, अन् काका सारखं यांना नाव विचारत होते. मधे एकदा उत्तर आलं नाही. काकांनी गालावर चापट मारली, पुन्हा विचारलं. हे कसेबसे पुटपुटले.

दवाखान्यात एकामागून एक इंजेक्शनं दिली. संध्याकाळी डॉक्टर म्हणाले, वेळेवर आणलं.

मी काकांना विचारलं, तुम्हाला कळलं कसं?

"माह्या पोराले असाच घाम सुटलता. म्या हिवतापाची गोळी देल्ली अन् पांघरूण घातलं. त्याच कपड्यावर."

मी इतकी वर्षं या माणसाशी चुन्यावरून भांडत होते. फार लाज वाटली.

पोरगा गेल्यापासून काका घरी एकटेच असतात. त्यांच्या दारी जाऊन कोण विचारणार? म्हणून आता पंधरा दिवसांनी मीच जाते. ताप हाय काय, म्हणते. ते अगदी गंभीरपणे नाही म्हणतात, अन् गेरूचा डबा माझ्यापुढे सरकवतात.