साहेबांच्या खिशातलं यंत्र

सोमवारी दुपारी चार वाजता नातवाचा लंगोट बदलताना त्याच्या बंडीच्या खिशात लाल दिवा लुकलुकताना दिसला आणि सकाळपासून आपण काय काय बोललो ते आजोबांना आठवलं.

सकाळी सुनेने सगळं नीट समजावलं होतं. नऊ महिन्यांच्या बाळाच्या कानावर दिवसभरात किती बोलणं पडतं, याचा अभ्यास बालविकासाच्या एका संशोधन केंद्राने चालवला होता. तीन दिवस बंडीच्या खिशात छोटं यंत्र ठेवायचं, ते सगळं टिपून घेतं; बाकी कुणी वेगळं काही करायचं नाही. "तुम्ही रोज बोलता तसंच बोला, बाबा," कामावर जाताना ती म्हणाली. आजोबांनी मान डोलावली, दहा वाजेपर्यंत यंत्र साफ विसरले आणि रोज बोलत तसंच बोलले.

रोजचं बोलणं म्हणजे सुनेविरुद्धचा दैनिक अहवाल. आजोबांची सगळी नोकरी एका गोदामात स्टोअरकीपर म्हणून गेली होती. आलेला प्रत्येक खोका फुटकाच निघणार, याच खात्रीने त्यांनी तो तीस वर्षं उघडला. निवृत्तीनंतर ती नजर घराकडे वळली, आणि नातवाच्या रूपाने त्यांना हवा तसा वरिष्ठ मिळाला: निमूट ऐकणारा, उलट न विचारणारा. "साहेब," ते त्याला सांगत, "आज परत डब्यांची झाकणं सैल. माझी खुर्ची गॅलरीत गेली, उद्या मी जाईन. आणि चहा म्हणजे पाण्याला पत्तीची नुसती ओळख करून दिलेली."

आता हे सगळं यंत्राच्या पोटात होतं. सुनेच्या कानावर गेलं तर काय होईल, हे सांगायला ज्योतिषी नको होता. पाळणाघराचा फॉर्म फ्रिजवर येऊन पडलाच होता. गरज पडली तर भरू, असं ती सहज म्हणाली होती, पण आजोबांच्या मते जगात सहज कुणीच काही म्हणत नाही. साहेब गेले तर दिवसाचे नऊ तास आपण आणि चार भिंती, या विचारानेच त्यांचा जीव कासावीस झाला.

त्यांनी यंत्र उलटंपालटं करून पाहिलं. पुसायचं बटण कुठेच नव्हतं. मग सुचलं की वाईट खोडता येत नसेल तर वर चांगलं भरावं. नातवाला मांडीवर घेऊन, खिशापाशी तोंड नेऊन ते खणखणीत आवाजात म्हणाले, "तुझी आई म्हणजे सोनं आहे, सोनं. झाकणं सैल ठेवते ती मुद्दाम. म्हाताऱ्या माणसाला उघडताना त्रास नको म्हणून." असं दोन तास चाललं. साहेब प्रथमच त्यांच्याकडे संशयाने बघत होते.

मंगळवारी आजोबांनी तोंड जवळजवळ उघडलंच नाही. दूध, झोप, खेळ, सगळं खुणांवर. साहेबांनी दिवसभर भोकाड पसरून याचा निषेध नोंदवला. तिसरी आणि शेवटची नोंद रविवारी होती. मुलगा परगावी गेलेला, म्हणून बाळाजवळ सून थांबली आणि आजोबा यंत्राला घाबरून सकाळीच एका जुन्या मित्राकडे पळाले.

पुढच्या सोमवारपासून सून एकदम बदलली. खुर्ची खोलीत परत आली. चहाला रंग आला. "बाबा, अजून काही हवंय का?" असं ती दोनदोनदा विचारू लागली. आजोबांची खात्री पटली की पाणी कुठेतरी मुरतंय. हिने ऐकलंय, आणि आता गोड बोलून काटा काढणार. त्यातच केंद्रातून फोन आला की संशोधक बाई शनिवारी घरी येत आहेत आणि आजोबांनी आवर्जून हजर राहावं.

शनिवारी आजोबा दाढी करून चौकशीला बसल्यासारखे बसले. बाईंनी कागद बाहेर काढताच त्यांना राहवलं नाही.

"हे सगळं ऐकतं कोण?"

"कुणीच नाही, आजोबा. मशीन फक्त शब्द मोजतं आणि आवाज पुसून टाकतं." बाई हसल्या. "सोमवारी तुमच्याकडून याने वीस हजार शब्द ऐकले. मंगळवारी मात्र फक्त अकरा."

"घसा बसला होता."

"आमच्या सगळ्या घरांत तुमचा सोमवार दुसरा आलाय."

मुलगा उठला, फ्रिजवरचा फॉर्म काढून त्याने फाडला आणि म्हणाला, "मग पाळणाघर हवंय कशाला?" आजोबांना अगदी भरून आलं. पण स्टोअरकीपर तो स्टोअरकीपर.

"दुसरा? मग पहिला कुणाचा?"

"तुमच्याच घरचा, रविवारचा. तेव्हा बाळाजवळ कोण होतं?"

सुनेने हातातला कप खाली ठेवला. "मी," ती म्हणाली. "पण ऐकत कुणीच नाही, हे नक्की ना?"

आजोबांनी तिच्याकडे पाहिलं. परत आलेली खुर्ची, रंगलेला चहा, सगळ्याचा अर्थ त्यांना लागला. तिनेही त्यांच्याकडे पाहिलं, आणि मंगळवारी घसा का बसला होता ते तिलाही समजलं. मग दोघांनी एकदमच साहेबांकडे पाहिलं. दोन्ही बाजू तपशिलासकट ऐकलेला घरातला तो एकमेव माणूस पायाचा अंगठा चोखत होता.

"मग हा बोलायला कधी लागेल?" मुलाने कौतुकाने विचारलं.

"एवढं ऐकलंय म्हटल्यावर लवकरच. आणि मुलं जे ऐकतात, तेच बोलतात."

"घाई काही नाही," आजोबा म्हणाले.

"सावकाश बोलू दे," सून त्याच क्षणी म्हणाली.

मुलाच्या लग्नाला चार वर्षं झाली होती. सासऱ्या-सुनेचं एकमत झाल्याचं त्याने आज पहिल्यांदाच पाहिलं.