गजूभाऊंची सोळाची रेघ

आर्णीतल्या आमच्या गल्लीत गाडी लावायची, तर चाक आधी गजूभाऊंच्या खडूच्या रेघेवर आणावं लागतं. माझ्या दारातसुद्धा! दर सोळा बोटांवर एक रेघ. मधेच कोणी स्कूटी टेकवली की भाऊ घरातून ओरडलेच, "वहिनी, सोळाच्या रेघेवरून सुरू करा नं!"

भाऊ घरी बसून एका कंपनीचं काम करतात, यंत्राच्या पोटातलं प्रोग्रामिंग. तिथं म्हणे एकाच वेळी अनेक कामं चालतात. प्रत्येक काम म्हणजे थ्रेड, आणि त्याला पसारा मांडायला द्यायची जागा म्हणजे स्टॅक. ती जागा सोळाच्या रेघेवर सुरू झाली नाही, तर काम कोसळतं. माझ्या पोरीच्या लग्नात मी भाऊंना पंगत बसवायला उभं केलं, माझीच अक्कल! यंत्रातला हिशेब लावून ढेरपोट्या मामंजींना दोन पाट दिले, आणि शेवटचा पाट रिकामा ठेवला. "इथं कोनाची मांडी आली, तं समजा कोनीतरी हद्द सोडली." मामंजी दिवसभर फुगून बसले.

मग भाऊंनी आपल्या मायसाठी बोलकी पेटी केली. माय महागावकडे वावरात एकटी राहते. गुडघे गेलेले, ओलितासाठी मोटरघरापर्यंत चालवत नाही. पेटीला नुसतं सांगायचं, की मोटर सुरू. पेटी बसवली त्या दिवशी, काय सांगू बाप्पा, अख्खी गल्ली वावरात गोळा झाली! पेटी भाऊंच्याच आवाजात म्हणाली, "बोल माय."

भाऊ शेजारी उभे, तरी माय पेटीलाच म्हणाली, "गजू, जेवला का रे? खोकला कमी झाला काय? तूर फुलावर आली पाह्य. अन् मोटर चालू कर बाप्पा."

पेटी बंद पडली.

"मायचं बोलनं स्टॅकात मावलंच नाही!" भाऊ लॅपटॉप घेऊन बांधावरच बसले. जागा वाढवली. पुन्हा बंद! पाहतात तर घाईत सोळाची रेघच हुकलेली. जगाला रेघा शिकवणारे स्वतःच चुकले! मी पोट धरून हसले.

"अहो भाऊ, मायला नुसतं 'चालू' म्हणायला सांगा की!"

"कायले?" ते मान वर न करता म्हणाले. "दिवसभर इथं तिले बोलाले हाये कोन? जागा मी देतो नं."

रेघ जुळली. माय पहिल्यापासून सगळं बोलली, खोकल्यासकट, तुरीसकट. आणि मोटरीनं धो धो पाणी फेकलं! आम्ही टाळ्या पिटल्या, मला तर रडूच आलं.

माय अजून पेटीपाशीच उभी होती. "सांगतलं नाही तू," ती पेटीला म्हणाली. "जेवला का?"

भाऊ तिच्या मागे येऊन उभे राहिले.

"नाही जेवलो माय. वाढ."