टेबल साफ होईपर्यंत

मेश्राम हॉटेलात खाऊन झाल्यावर उठत नसे. पोट भरलं, पैसे दिले, ढेकर देऊन झाला, तरी हा आपला खुर्चीला चिकटून. वेटरनं उष्टी बशी उचलली, ओलं फडकं टेबलावरून फिरलं, की मगच स्वारी हलायची. कोणी घाई केली की एकच वाक्य, "थांबा भाऊ, टेबल साफ होऊ द्या."

जिल्हा नवा झाला आणि आम्ही दोघं बदलून गडचिरोलीला आलो, तेव्हाची गोष्ट. कार्यालयं वाढली, कारकून वाढले, तशी हॉटेलंही वाढली. दर दोन-चार महिन्यांनी कुठेतरी नवी पाटी लागायची आणि येणाऱ्या पहिल्याच रविवारी मेश्राम माझ्या दारात सायकलची घंटी वाजवायचा. साडेदहाची वेळ, नाश्त्याला उशीर आणि जेवणाला घाई. आलुबोंडा, पोहे, नशीब असेल तर कचोरी. मी चवीवर बोलायचो. याला बोंड्यात बटाटा आहे की भुसा याचा पत्ता नसायचा, डोळे सगळे वेटरवर. "हाटेल जिभेनं नाई समजत, भाऊ," असं म्हणत तो बाहेर पडायचा आणि पास की नापास ते सांगून सायकलवर टांग टाकायचा.

एकदा आम्ही अहेरीला दौऱ्यावर होतो. परतीची बस समोर उभी, कंडक्टर हाका मारतोय आणि वेटर गायब. मी म्हटलं, अरे बाबा, उचल ती बशी आणि ठेव गल्ल्यावर. मेश्रामनं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्याला कुणाचा खिसा मारायला सांगितलं होतं. बस गेली. पुढची संध्याकाळी. तोवर त्यानं चार वेळा 'नापास' म्हणून घेतलं.

कार्यालयात त्याला सगळे नवाब म्हणत. हे नाव मीच पाडलं होतं. पण या नवाबाच्या घरी गेलं, की चहाचा शेवटचा घोट घशाखाली उतरायच्या आत तो समोरच्याच्या हातातला कप काढून घ्यायचा आणि स्वतः विसळायला बसायचा. बायकोलाही हात लावू देत नसे. पाहुण्याचा कप घरच्यानंच उचलावा, एवढंच त्याचं म्हणणं.

मला त्याच्या या तऱ्हेचं कारण कळत नव्हतं, असं लिहायला बरं वाटलं असतं. पण मूलकडच्या एका खेड्यात माझ्या मामाची चहाची टपरी होती. टपरीच्या वळचणीला, बाहेरच्या बाजूनं, खिळ्याला दोन कप टांगलेले असत. मेश्रामच्या लोकांचे. ते येत, आपला कप काढत, मामा वरून चहा ओतायचा, ते उन्हात बसून पीत आणि कप धुवून पुन्हा टांगून ठेवत. पैसे मात्र मामा आमच्याइतकेच घ्यायचा. हे सगळं मी लहानपणी पाहिलं होतं. तरी मी नवाब म्हणत राहिलो, कारण त्यात हसायला मिळत होतं.

पुढे सिरोंचाकडच्या एका माणसानं बसस्टँडजवळ डोशाचं हॉटेल काढलं. मेश्राम तिथे लागोपाठ तीन रविवार गेला. तिन्ही वेळा पास. चौथ्या रविवारच्या आदल्या दिवशी तो माझ्या टेबलाशी आला आणि आवाज खाली करून म्हणाला, "उद्या बाबाले आणून राह्यलो. तुम्हीबी या. त्यायनं जल्मात हाटेलातला कप धुतल्याशिवाय ठेवला नाई. उद्या ठेवतीन."

म्हणजे इतकी वर्षं हा हॉटेलं कशासाठी तपासत होता, ते मला तेव्हा कळलं. मी येतो म्हटलं.

म्हातारा आरमोरीकडच्या गावाहून आला होता. धोतर परीटघडीचं, सदरा मुलाचा, खांद्यात सैल. मेश्रामनं त्याला मधल्या टेबलावर बसवलं, पंख्याखाली. डोसा त्यानं भाकरीसारखा दोन्ही हातांनी मोडून खाल्ला, मधूनमधून आजूबाजूला बघत. मेश्रामनं स्वतःच्या बशीला हातही लावला नव्हता. तो बापाकडे बघत होता. मग चहा आला. म्हाताऱ्यानं तो बशीत ओतून फुर्र करत संपवला आणि मेश्राम पाणी मागायला वळला तेवढ्यात उठला. कप-बशी घेऊन दाराबाहेरच्या हात धुवायच्या नळाशी गेला, दोन्ही नीट घासून धुतली आणि पायरीच्या कडेला पालथी घातली. मग चपला घालून उन्हात उभा राहिला.

गल्ल्यावरचा मालक मोकळेपणानं हसला. असं गिऱ्हाईक रोज यावं, म्हणाला. दोन-चार लोक हसले. सवयीनं मीही हसलो.

मेश्राम बाहेर गेला. कप-बशी उचलून आत आणली, बापाच्या रिकाम्या खुर्चीसमोर मांडली आणि बसला. "बसा भाऊ. टेबल साफ होऊ द्या."

वेटर आला. डोशाच्या बश्या त्यानं उचलल्या, फडकं फिरवलं. म्हाताऱ्याचा कप तेवढा त्यानं जरा बाजूला सरकवला, खाली पुसलं आणि परत जागेवर ठेवला. धुतलेला कप कोण उचलणार? पुढच्या गिऱ्हाइकासाठी मांडलाय, असंच त्याला वाटलं असणार. मेश्राम बघत राहिला, पण वेटरला त्यानं हाक मारली नाही.

माझ्या कपात अर्धा चहा शिल्लक होता. तो म्हाताऱ्याच्या कपात ओतून प्यायलो असतो, तर कप उष्टा झाला असता आणि वेटरनं उचलला असता. हे मला सुचलं घरी गेल्यावर, पलंगावर आडवं झाल्यावर. मामाच्या भाच्याला ते वेळेवर कसं सुचावं?

"बाबा उन्हात हायेत," मेश्राम म्हणाला आणि उठला. टेबलावर कप तसाच होता. इतक्या वर्षांत असं पहिल्यांदाच झालं.

बाहेर त्यानं बापाच्या डोक्यावर आपला रुमाल टाकला, सदऱ्याची कॉलर सरळ केली आणि कसं वाटलं म्हणून विचारलं.

म्हातारा खूश होता. "चांगलं हाटेल हाये, बापा. कप धुवाले नळबी हाये."

मेश्राम म्हणाला, "हो, बाबा."