त्रेपन्नावा आठवडा

सोमवारी सकाळी रत्नदीप साखरपुड्याचा कोट अंगात चढवून आरशासमोर उभा होता आणि त्याची आई सुरेखाबाई मागून खांदे ओढून बघत होत्या, तेवढ्यात फोन वाजला.

"साहेब, वाल्मिक बोलतोय, वरून. खालची मानसं आली नायत अजून. आमी बॅगा भरून बसलोय पायरीवर."

वर म्हणजे माथेरानला. तिथल्या ज्या हॉटेलात वाल्मिक वेटर होता, त्याच हॉटेलचं बुकिंग आणि कॉम्प्युटरचं सगळं काम रत्नदीप कर्जतच्या ऑफिसात बसून बघायचा. माथेरानात गाडी जात नाही, रोज चढउतार करणं काही खरं नाही. म्हणून हॉटेलात माणसांच्या दोन तुकड्या. एक तुकडी आठवडाभर वर राहायची, सोमवारी दुसरी वर आली की पहिली खाली घरी यायची. आठवडा वर, आठवडा खाली. कोण कधी वर आहे यावर त्या घरांतली लग्नं, बारशी, भाताच्या लावण्या आणि भांडणंसुद्धा ठरत.

पूर्वी या पाळ्या मॅनेजर कोंडाजी ठरवायचे. म्हणजे ज्याच्या घरचा गावठी कोंबडा चांगला, त्याची दिवाळी खाली. दोन वर्षांपूर्वी रत्नदीपने पाळ्यांचा प्रोग्रॅम लिहिला आणि पंचक्रोशीतल्या कोंबड्यांचा जीव वाचवला. प्रोग्रॅम अगदी साधा. तारखेवरून वर्षाचा कितवा आठवडा चाललाय ते काढायचं. आकडा विषम आला तर पहिली तुकडी वर, सम आला तर दुसरी. ज्याच्या त्याच्या मोबाईलवर आपोआप मेसेज. वशिला नाही की रदबदली नाही. कोणी पाळी बदललीच, तर ती कोणी आणि कोणासाठी बदलली ते सगळ्यांच्या ग्रुपवर दिसेल, अशी व्यवस्थाही रत्नदीपने मोठ्या अभिमानाने करून ठेवली होती.

त्या प्रोग्रॅमचा सगळ्यात मोठा भक्त म्हणजे पहिल्या तुकडीचे मुख्य आचारी, कडावचे कमळाकर. आणि कमळाकरांची मुलगी रूपा म्हणजेच रत्नदीपची होणारी बायको. कर्जतला रक्त तपासायच्या लॅबमध्ये असणाऱ्या रूपाने घरी रत्नदीपचं नाव काढलं, तेव्हा कमळाकरांनी पगार विचारला नाही की घर विचारलं नाही. "तो पाळीवाला ना? हिशेब सरळ हाय पोराचा. चालंल," एवढंच म्हणाले. मंडळी बौद्ध, तेव्हा मुहूर्ताची भानगड नव्हती. कमळाकरांची खालची पाळी हाच मुहूर्त! म्हणून येत्या रविवारी, दहा जानेवारीला, कडावच्या विहारात साखरपुडा ठरला होता.

"थांब रे, बघतो," म्हणून रत्नदीपने कोटासकट लॅपटॉप उघडला. पडद्यावर या आठवड्याचा आकडा होता एक. विषम. पहिली तुकडी वर. बरोबरच की! मग त्याने मागचा आठवडा उघडला. आकडा होता त्रेपन्न. तोही विषम. तेव्हाही पहिली तुकडी वर.

रत्नदीपला कोटाच्या आत घाम फुटला.

वर्षाला आठवडे बावन्न, हे शाळेतल्या पोरालाही माहीत असतं. बावन्न सम, मग नवीन वर्षाचा एक विषम; पाळ्या कशा गुण्यागोविंदाने आळीपाळीने चालतात. पण तारखेवरून आठवडा काढायचा जो नियम कॉम्प्युटरच्या पोटात आहे, तो म्हणतो की ज्या वर्षात आठवड्याचा गुरुवार पडेल त्या वर्षाचा तो आठवडा. यंदा एकतीस डिसेंबरलाच गुरुवार आला आणि सरत्या वर्षाच्या पदरात एक आठवडा जास्तीचा पडला. त्रेपन्नानंतर एक. विषमानंतर विषम. थर्टी फर्स्टच्या गर्दीत पिळून निघालेली पहिली तुकडी आणखी आठवडाभर वरच, आणि दुसरी तुकडी बसली घरी. मेसेज सगळ्यांना वेळेवर गेले होते. थर्टी फर्स्टच्या धांदलीत वाचले कोणी?

त्याने दुसऱ्या तुकडीच्या किशोरला फोन लावला. मागे पोरांचा आरडाओरडा चालला होता.

"किशोरभाऊ, आज वर यायचं होतं तुम्ही."

"छे! मेसेज हाय ना माझ्याकडं. अकराला या म्हनून. मी सासरवाडीला आलोय, संध्याकाळी पोपटी लावायचीय. मडक्यात भाजायला वालाच्या शेंगा आणून ठेवल्यात."

"अहो, ते चुकून झालंय."

"कंपुटरचं चुकतंय व्हय? तुमीच बोलला व्हता ना साहेब, कंपुटर बोलंल ते फायनल?" आणि तिकडून कोणीतरी 'मडकं आन रं' म्हणून ओरडलं, तसा फोन कटला.

बाकीच्यांची तीच तऱ्हा. एकजण लग्नाला गेला होता, एकाने घराची कौलं उतरवून ठेवली होती. फुकट मिळालेली सुट्टी सोडायला कोण तयार होतो?

एवढ्यात कोंडाजींचाच फोन आला. आवाजात साखर पेरलेली. "काय जावईबापू! माझ्या वेळेला असं कदी झालं नव्हतं हां. बरं, ऐका. सासऱ्यापुरती पाळी बदलून टाका. बटनच तर दाबायचंय. मी सोडतो त्यांना."

"आणि ग्रुपवर?"

"ग्रुपवर येनारच की! 'रत्नदीप यांनी कमळाकर यांच्यासाठी पाळी बदलली.' वाचतील लोक. आमाला दोन वर्षं वाचून दाखवलं, आता आमी वाचू."

रत्नदीपचं बोट बटणाकडे गेलं नाही असं नाही. गेलं, आणि चटका बसल्यासारखं मागे आलं.

खुद्द कमळाकर मात्र शांत होते. फोनवर म्हणाले, "कंपुटर वर र्‍हा बोलतोय ना? मंग र्‍हातो. दिवाळीत वाल्मिकच्या भाच्याचं बारसं होतं खालापुराला, तवा वाल्मिकला मीच पाळी दाखवून वर बसवला. आता माझ्या घरचं कार्य आलं म्हनून मी उतरू? तोंड कसं दाखवू पोराला? पुढं ढकला साखरपुडा."

पुढे ढकलायला विहाराचं सभागृह पुढचे तीन रविवार लग्नांना गेलेलं. पण ते सभागृह, ते पेढे, तो कोट सगळं एकीकडे. रत्नदीपला खरी धास्ती होती ती वेगळीच. कमळाकरांनी होकार दिला तो 'हिशेब सरळ' म्हणून. तो हिशेबच वाकडा निघाला, तर होकार उभा राहायचा कशावर?

रूपाला मात्र बापापेक्षा नाडी लवकर सापडते. "खरं सांग, तुझं चुकलंय ना?" तिने पहिल्याच वाक्याला विचारलं.

"अगं, माझं असं नाही... वर्षच लांबलंय यंदा."

"मग वर्षालाच अंगठी घालू का?"

"रूपा, कमळाकरमामांना कळलं तर ते नाही म्हणतील गं."

"आणि नंतर कोंडाजीकडनं कळलं तर काय म्हनतील?" असं विचारून तिने फोन ठेवला. या मुलीशी जन्म काढायचा म्हणजे सोपं नाही, हे रत्नदीपला त्या क्षणी कळलं. आणि काढायचा तर हिच्याशीच, हेही कळलं.

मंगळवारी तो, गाड्या जिथे थांबतात त्या दस्तुरी नाक्याला टॅक्सीतून उतरला आणि लाल माती तुडवत हॉटेलवर पोचला. चहाची वेळ होती. सगळी पहिली तुकडी स्वयंपाकघराच्या मागे फतकल मारून बसलेली. दाढ्या वाढलेल्या, तोंडं उतरलेली. कोंडाजी दाराला टेकून मजा बघायला हजर. रत्नदीप मध्ये उभा राहिला. येताना वाटेत त्याने मोठं भाषण तयार केलं होतं, ते पार विसरला.

"माझं चुकलं," तो म्हणाला. "तुम्ही सगळ्यांनी काल खाली असायला हवं होतं. वर्षाला कधी त्रेपन्न आठवडे येतात हे मी लक्षातच घेतलं नव्हतं. म्हणजे तो गुरुवार एकतीस तारखेला आल्यामुळे..."

"गुरुवारावर ढकलू नको," कमळाकर म्हणाले.

"नाही. माझंच चुकलं."

 चहा उतू गेला तरी कोणी उठेना.  मग कमळाकरांनी विचारलं, "मंग आज मी वर का खाली?"

"खाली, मामा. हॉटेलच्या शेटना मी फोन केलाय. पुढचे दोन आठवडे दुसरी तुकडी वर, तुम्ही सगळे खाली."

"ते पुढचं झालं. आज वर कोन?"

 हॉटेल रविवारपर्यंत भरलेलं. कमळाकर उठले, खुंटीवरचा एप्रन काढला आणि रत्नदीपच्या हातात दिला. "ज्याचं चुकलं तो वर. पैला वाल्मिकला सोड. भाच्याला बघून येऊ दे. तो आला की मी उतरतो, शनवारी."

रत्नदीपला असा आनंद झाला म्हणून सांगू! माणूस नाही म्हणाला नाही, रागावलासुद्धा नाही, नुसता एप्रन दिला! त्या आनंदात त्याने वाल्मिकच्या जागी ताटं उचलली, एका गुजराती कुटुंबाला ढोकळ्याच्या जागी इडली नेऊन दिली, कांदे चिरून डोळे सुजवून घेतले. शनिवारी वाल्मिक परतला आणि संध्याकाळी कमळाकर डोंगर उतरले, तेव्हा रत्नदीपने नाक्यापर्यंत जाऊन त्यांना हात हलवून निरोप दिला.

कडावला दारात मांडव घातला होता. कमळाकर पोचले तसा विठाबाईंनी, त्यांच्या बायकोने, सुटकेचा श्वास टाकला. एवढ्यात दहिवलीहून सुरेखाबाईंचा फोन आला.

"कमळाकरभाऊ, पोचलात का? रत्नदीप तुमच्यासंगंच उतरला ना? कोटाचं बटन लावून ठेवलंय."

कमळाकरांनी फोन कानापासून लांब धरला आणि त्याच्याकडे बघत राहिले. दोन्ही घरांतली मिळून पन्नासेक माणसं आठवडाभर राबत होती. सगळ्यांना काळजी एकच, की नवरीचा बाप येतो की नाही. नवरा मुलगा वर कांदे चिरतोय, हे एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं. खुद्द नवऱ्या मुलाच्याही!

"आता?" विठाबाईंनी विचारलं.

"आता काय? तो येत नाय तर आपन जायचं," रूपा म्हणाली. "टेंपो सांगा."

रविवारी सकाळी टेंपो भरून मंडळी दस्तुरी नाक्याला उतरली. पुढे पायी. नव्या साड्यांच्या काठांना लाल धूळ, बौद्धाचार्यांच्या पांढऱ्या सदऱ्यालाही लाल धूळ. विठाबाईंना गुडघ्यांमुळे घोड्यावर बसवलं, तर त्यांनी भीतीने घोड्याची मान अशी काही आवळली की घोडेवाल्याला घोड्याचीच काळजी वाटायला लागली. सुरेखाबाई बुद्ध आणि बाबासाहेबांच्या तसबिरी पदराखाली झाकून चालत होत्या आणि वर कोट खांद्यावर.

हॉटेलच्या मागच्या अंगणात पांढरं कापड अंथरलं, तसबिरी मांडल्या, मेणबत्त्या लावल्या. रत्नदीप स्वयंपाकघरातून बाहेर आला तो एप्रनवर हळदीचे डाग आणि हातात झारा घेऊनच. आईने त्याला कोट घालायला पुढे केला, तोच कोंडाजी आडवे आले.

"पाळीवर असताना मानसाला घरचं कार्य करता येत नाय. नियम हाय, आनि मी नाय, यांनीच केलेला. जेवनाची येळ झालीय, टेबलं भरलीत."

 कोंडाजींचं म्हणणं खोटं नव्हतं, हाच खरा वैताग. मग कमळाकरांनी अंगातला नवा सदरा काढला, घडी करून विठाबाईंच्या हातात दिला आणि बनियनवर रत्नदीपचा एप्रन बांधला.

"आता पाळीवर मी. हा सुटला. घाला त्याला कोट." आणि झारा घेऊन ते आत गेले.

त्रिसरण-पंचशील झालं. कमळाकर आतून, कढई हलवता हलवता, सगळ्यांच्या आवाजात आवाज मिळवत होते. अंगठीची वेळ आली तशी रूपा अडून बसली. "बाबा दिसल्याशिवाय नाय." मग सगळी वरात अंगणातून उचलून स्वयंपाकघराच्या दारात आणली.

सुरेखाबाईंना राहवेना. "भाऊ, माझ्या पोराच्या चुकीपायी तुमाला मुलीच्या साखरपुड्यात शिगडीपुढं उभं र्‍हावं लागलं. राग नाय ना?"

"राग कसला?" कमळाकर कढईकडेच बघत म्हणाले. "दहा मानसांपुढं 'माझं चुकलं' बोलनारा जावई कोनाला मिळतो? मी नव्हतो तसला. माझ्या सासऱ्याजवळ मी कदी कबूल केलं नाय."

"काय कबूल केलं नाय?" विठाबाईंनी दारातून विचारलं.

कमळाकरांचा झारा थांबला. रत्नदीपकडे बघितलं, रूपाकडे बघितलं. आज काय व्हायचं ते होऊन जाऊ दे, असं बहुतेक त्यांना वाटलं असावं.

"विठा, ती तुझ्या बाची सायकल. लग्नात दिलेली. ती चोरीला नव्हती गेली गं. मी पुरात घालवली होती."

 विठाबाईंनी नवऱ्याचा सदरा एका हातातून दुसऱ्या हातात घेतला.

"म्हाईत हाय," त्या म्हणाल्या. "बाबांना पन म्हाईत होतं. म्हनून तर त्यांनी दुसरी दिली नाय." आणि मग रूपाकडे वळून म्हणाल्या, "घाल गं अंगठी. भात लागंल नायतर."