नानांना लावलेली चांगली सवय

सांगून कुणी सुधारत नाही, करून दाखवावं लागतं! वाक्य माझं नाही, एका व्याख्यात्याचं आहे. पण ते माझ्याइतकं मनावर घेणारा माणूस त्या सभागृहात दुसरा नसणार, हे मी पैजेवर सांगतो. मी तेव्हा चष्म्याच्या दुकानात कामाला होतो. मालकांना कुठूनतरी पास मिळाला आणि स्वतःला जायचा कंटाळा आला, म्हणून त्यांनी मला पिटाळलं. विषय होता रोजच्या चांगल्या सवयी. मी परत आलो तो छाती पुढे काढूनच!

कारण मला नानांना उठवायचं होतं.

नाना म्हणजे माझे वडील. आयुष्यभर नगरपालिकेच्या बँडमध्ये ट्रम्पेट वाजवलं त्यांनी. रविवारी संध्याकाळी बागेतल्या गोल चौथऱ्यावर बँड बसायचा आणि मी आईचा हात धरून पहिल्या रांगेत उभा असायचो. सूर लावायच्या आधी नाना आमच्याकडे बघून एक भुवई उडवायचे. मी ऐटीत इकडेतिकडे बघायचो. ती भुवई आईसाठी असायची, हे मला फार उशिरा कळलं!

आई गेली आणि नानांनी ट्रम्पेट पेटीत घालून कपाटावर टाकलं. स्वतः भिंतीकडे तोंड करून खाटेवर पडले ते पडलेच. दाढी नाही, बोलणं नाही, ताट समोर निवून जायचं. डॉक्टर म्हणाले, "आजार काही नाही. पण असेच पडून राहिले तर पुढे उठायचेच नाहीत."

बरं, नानांना सांगणार कोण? 'नाना, उठा, जरा चाला' असं म्हणायची आमच्या घरात कुणाची टाप होती? पण न बोलता करून दाखवायला कोण अडवतंय! बायकोलासुद्धा बोललो नाही. बोललं की परिणाम जातो, असं व्याख्याता म्हणाला होता.

दुसऱ्या दिवशी पहाटेच उठलो. अंथरुणाची सुरेख घडी केली आणि नानांना दिसेल अशी त्यांच्या पायाशी ठेवली. मग थंड पाण्याची आंघोळ. पहिला तांब्या अंगावर घेतला आणि अशी आरोळी ठोकली की बायको धावत आली.

"काय झालं? पडलात?"

"छे! प्रसन्न वाटतंय!" मी दात वाजवत म्हणालो.

मग नानांच्या खाटेसमोर दोरीवरच्या उड्या! दोन-चार उड्या झाल्या असतील नसतील, दोरी दिव्याच्या शेडमध्ये अडकली आणि शेड खाली! पाठोपाठ दारावर धपाधप थापा. खालच्या मजल्यावर नर्सबाई राहायच्या. रात्रपाळी करून बिचाऱ्या नुकत्याच आडव्या झाल्या होत्या.

"वर हत्ती पाळलाय का?"

"व्यायाम करतोय बाई! चांगली सवय आहे."

"मलाही एक चांगली सवय आहे. झोपायची!"

आणि नाना? पाठ फिरवून तसेच.

मी हटणारा नव्हतो. घर झाडलं, भाजी चिरली, जिन्यात भेटेल त्याला हसून नमस्कार केला. बायकोला म्हटलं, "तू बस, मी करतो." इतक्या वर्षांच्या संसारात हे शब्द तिने पहिल्यांदाच ऐकले. ती बसली नाही. घाबरली! संध्याकाळी माझ्या कपाळाला हात लावून तिने हळूच विचारलं, "खरं सांगा, नोकरी गेली का?"

"वेडी आहेस का?"

"मग दुसरं काही आहे का हो?"

मी नुसता प्रसन्न हसलो. हसायचंही व्याख्यात्यानेच सांगितलं होतं. ते हसू बघून ती तडक खाली नर्सबाईंचा सल्ला घ्यायला गेली. नर्सबाई गंभीरपणे म्हणाल्या, "माणूस अचानक इतका गोड वागायला लागला, की जवळच्यांना कळवून ठेवलेलं बरं." झालं! बायकोने ताईला फोन केला.

ताई म्हणजे माझी थोरली बहीण. सकाळची पहिली गाडी पकडून ती बॅगेसकट दारात हजर. मी नेमका गुडघ्यांवर बसून फरशी पुसत होतो. ताईने ते पाहिलं आणि उंबऱ्यातच डोळ्यांना पदर लावला.

"अरे, लहानपणी स्वतःचा पेला कधी उचलला नाहीस तू! काय झालंय तुला? आई गेली, नाना हे असे, आणि आता तूही? मी कुणाकुणाला सांभाळू रे?"

पण सांगू कसं? नाना हाताच्या अंतरावर पडलेले! 'हे सगळं तुमच्यासाठी चाललंय' हे त्यांच्या कानावर गेलं असतं तर ते आणखीच मिटले असते. ताई ऐकेना. बायको माझा हात सोडेना. मी घाईघाईने म्हणालो, "काही नाही गं! माणसाने रोज नवीन काहीतरी शिकावं. मी शिकतोय."

"काय शिकतोयस?"

काय शिकतोय? मी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, नजर कपाटावर गेली आणि तोंडातून निघून गेलं, "ट्रम्पेट!"

बायकोने डोळे मोठे केले. पण आता माघार कसली! स्टुलावर चढलो, पेटी उतरवली, ट्रम्पेट तोंडाला लावलं. पहिल्या फुंकेला नुसतीच हवा. दुसऱ्या फुंकेला गाल फुगवून सगळा जीव ओतला, तेव्हा चिखलात रुतलेली म्हैस ओरडावी तसा आवाज आला. तिसऱ्या फुंकेला खाली नर्सबाईंचं दार आपटलं.

आणि खाटेवरची चादर उडाली!

"ठेव ते खाली!" नाना गरजले. "गाल फुगवून वाजवतात का, गाढवा? पिपाणी आहे का ती?"

कित्येक महिन्यांत त्यांचा आवाज ऐकला नव्हता. गाढव म्हटल्याचा एवढा आनंद मला जन्मात कधी झाला नाही! नाना उठले. पाय लटपटत होते, ताई पुढे झाली तर तिला हाताने बाजूला सारलं. ट्रम्पेट माझ्या हातातून हिसकावून घेतलं, सदऱ्याच्या टोकाने पुसलं आणि ओठांना लावलं. सुरुवातीला सूर कापरा निघाला. मग हळूहळू सरळ झाला, मोठा झाला, आणि मला ती बाग, तो चौथरा, आईचा हात, सगळं सगळं आठवलं. आम्ही तिघंही रडत होतो. भांडायला वर आलेल्या नर्सबाई दारातच थबकल्या.

"असं वाजणार असेल तर माझी काही तक्रार नाही," त्या म्हणाल्या. मग माझ्याकडे बोट दाखवून, "फक्त यांच्या हातात देऊ नका!"

दुसऱ्या दिवशी मी उठलो तर नाना माझ्याही आधी उठलेले! दाढी केलेली, अंथरूण काढलेलं, पायांत चपला. माझ्या उदाहरणाचा विजय! मी खूश होऊन पेटी उघडली, तर ट्रम्पेटचा फुंकायचा माउथपीस गायब.

"नाना, माउथपीस कुठाय?"

"कुठला?" म्हणत नाना फिरायला निघून गेले. माउथपीस खिशात घालून! मी दुकानात जाईपर्यंत परतायचेच नाहीत. पुढे कितीतरी वर्षं ते असे रोज पहाटे उठले, मैलोन्‌मैल चालले, ठणठणीत राहिले. लोक विचारायचे, "ही शिस्त कुणामुळे हो?" मी नम्रपणे मान खाली घालायचो.

नाना गेले तेव्हा पेटीत ट्रम्पेट होतं, माउथपीस नव्हता. सगळं घर पालथं घातलं. शेवटी परवा जिन्यात नर्सबाई भेटल्या. आता त्याही थकल्यात.

"माझ्याकडे आहे तो," त्या म्हणाल्या. "नानांनीच आणून दिला. पण तुम्हाला द्यायचा नाही, असं वचन घेतलंय माझ्याकडून."

मी म्हटलं, "बाई, वाजवणार नाही हो. नुसता हातात घेऊ द्या एकदा."

बाईंनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. मग म्हणाल्या, "बरं, या. पण तोंडाला लावायचा नाही!"